डावं पान

ऑफिसात दरवर्षी मूल्यमापनाचा फॉर्म भरावा लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यात एक नवीन रकाना आला: 'पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला काय करायचं आहे?' माझं वय तेव्हा ४२, नोकरीला १८ वर्षं झालेली. बाकीचे रकाने मी दहा मिनिटांत भरले आणि त्या एका प्रश्नापुढे पाऊण तास बसून राहिले. शेवटी शेजारच्या मैत्रिणीचं उत्तर जरा बदलून लिहिलं. त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याला काय हवंय हे आपल्यालाच सांगता येऊ नये, याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वही काढली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'माझ्या आयुष्याचं ध्येय काय?' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग उत्तरं लिहिली: कुटुंब, आरोग्य, समाधान, शिकत राहणं. लिहून झाल्यावर वाचलं तर ती यादी कुणाचीही असू शकली असती. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण मीही कुठे नव्हते.

मग रोज रात्री जे मनात येईल ते लिहायचं ठरवलं. पहिले तीन आठवडे मी एकच गोष्ट लिहीत राहिले. माझं काम एका बैठकीत दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं आणि मी गप्प बसले होते. तेच पुन्हा पुन्हा. लिहून हलकं वाटेल म्हणून बसायचे आणि उठताना छाती जास्तच जड व्हायची. वही बंद करायच्या बेतात होते.

तेव्हा जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वाचनात आलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांवर. घडलेलं आणि वाटलेलं अशा दोन्ही गोष्टी ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहिल्या लिहिल्या वाईटच वाटत होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे वाचून धीर आला. त्यांच्या नंतरच्या अभ्यासातली एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटली. ज्यांना जास्त फायदा झाला, त्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. मी माझी तीन आठवड्यांची पानं चाळली. 'कारण' एकदाही नव्हतं. 'मीच का' मात्र जवळपास रोज होतं. मी लिहीत नव्हते, उगाळत होते.

म्हणून 'का' बंद केलं. त्याऐवजी तीन प्रश्न घेतले: नेमकं काय झालं, तेव्हा मला काय वाटलं, आता मला काय हवंय. आणि स्वतःला 'तू' म्हणायला लागले. ही युक्ती फार जुनी आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने दुसऱ्या शतकात स्वतःपुरती जी टिपणं काढली, त्यात तो स्वतःशी असाच बोलतो. 'मी मूर्खासारखी गप्प बसले' हे लिहिताना कधी हात थांबला नाही. पण 'तू मूर्खासारखी गप्प बसलीस' लिहायला गेले आणि पेन थांबलं. आपल्या माणसाला आपण असं बोलत नाही. त्या जागी लिहिलं, 'तू गप्प बसलीस, कारण तुला तिथे भांडण नको होतं.' तीन आठवड्यांतलं ते पहिलं 'कारण'. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीबद्दल लिहावंसं वाटलं नाही.

वेळ १५ मिनिटांचीच ठेवली, मोबाइलवर टायमर लावून. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही. मध्यंतरी आई आजारी पडली तेव्हा १२ दिवसांचा खंड पडला. राहिलेले दिवस भरून काढायचा हट्ट मी केला नाही, आणि कुणीही करू नये असं मला मनापासून वाटतं. वही तिथेच सुटते. आणखी एक सांगायला हवं. लिहूनही आठवडेच्या आठवडे मन वर येत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर वहीच्या भरवशावर राहू नका. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

खरं काही हाती लागलं ते तीन महिन्यांनी, लिहिलेलं परत वाचताना. मी फक्त उजव्या पानावर लिहायचे, डावं कोरं ठेवायचे. एका रविवारी लाल आणि हिरवी पेन्सिल घेऊन बसले. ज्या वाक्यात 'पाहिजे' किंवा 'लागेल' आलं असेल त्याखाली लाल रेघ, 'करावंसं वाटलं' अशा वाक्याखाली हिरवी. आपली भाषाच हा फरक करून ठेवते आणि आपण तो रोज ऐकूनही ऐकत नाही.

बढतीच्या खात्यांतर्गत परीक्षेबद्दलची सगळीच्या सगळी वाक्यं लाल निघाली. 'अभ्यासाला बसलं पाहिजे.' 'निदान एक प्रकरण संपवावं लागेल.' दोन वर्षं मी ती परीक्षा उराशी धरून होते आणि तिच्याबद्दल एकही हिरवं वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं.

हिरव्या रेघा बहुतेक एकाच गोष्टीपाशी गोळा झाल्या होत्या. ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीला मी काम शिकवत होते. त्या दिवसांची पानं नुसती उघडली तरी ओळखू येत होती, कारण अक्षर मोठं आणि मोकळं झालं होतं, एरवीसारखं चिकटून चिकटून नव्हतं. एका पानावर लिहिलं होतं: 'आज तिला ताळमेळ जुळवताना चूक कुठे आहे ते सांगितलं नाही. शेजारी बसून राहिले. वीस मिनिटांनी तिनेच ती आकड्यांची उलटापालट शोधली आणि माझ्याकडे असं बघितलं! उद्या पुन्हा तिच्याजवळ बसावंसं वाटतंय.' टायमर वाजून गेल्यावरही मी दीड पान लिहिलं होतं.

आणि 'आईशी बोलायचं राहिलं' हे वाक्य १४ वेळा सापडलं. पहिल्या पानावरच्या यादीत पहिला शब्द होता 'कुटुंब'.

त्यानंतर एक आठवडा प्रत्येक तासाची नोंद केली. आठवड्यात सगळ्यांना सारखेच १६८ तास मिळतात. माझे झोपेत ४६ गेले, मोबाइलवर १७, आणि आईसोबत ४० मिनिटं. हे आकडे डाव्या पानावर लिहिताना डोळे भरून आले. पण प्राधान्य म्हणजे काय ते मला त्या आकड्यांनी जितकं शिकवलं, तितकं दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते सोडणं. परीक्षा सोडायची म्हटल्यावर लोक काय म्हणतील याने पंधरा दिवस खाल्ले, तेही वहीत आहेत. मग एके दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी यंदा परीक्षेला बसत नाहीये. नवीन लोकांच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे द्याल का?"

ते क्षणभर बघत राहिले. "ते काम कुणी मागून घेत नाही, मॅडम."

"मला करावंसं वाटतंय, सर."

तोंडून निघाल्यावर कळलं की हे हिरवं वाक्य होतं.

काम मिळालं. पगार वाढला नाही, आणि बढती झालेल्यांकडे बघून अजूनही कधी कधी पोटात कालवतं. तेही मी लिहिते. गेल्या महिन्यात त्या वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं आणि समोरच्या कोऱ्या पानावर प्रत्येक शब्दाशेजारी आता काय आहे ते लिहिलं. 'कुटुंब' समोर: 'आई, रविवारी सकाळी, प्रत्यक्ष, मोबाइल पर्समध्ये.' 'शिकत राहणं' समोर: 'शिकवताना.' 'आरोग्य' समोर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं, तिथे लाल रेघ मारली. 'समाधान' समोर जागा सोडली आहे.