शासन निर्णय शोधताना शब्द कोणाचे?

२०२४च्या उन्हाळ्यात ग्रंथालयाच्या संदर्भ कक्षात एक कनिष्ठ लिपिक आल्या. त्या २००६मध्ये नोकरीत रुजू झालेल्या, पण भरतीची जाहिरात २००५मधली. १ नोव्हेंबर २००५पूर्वी जाहिरात निघालेल्या अशा राज्य कर्मचाऱ्यांना २ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने जुन्या निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला होता आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. ताईंना मूळ निर्णय हवा होता, शिवाय जाहिरातीची तारीखही.

मोबाइलवर त्यांनी ‘जुनी पेन्शन जीआर’ टाकलं होतं. समोर बातम्या, व्हिडिओ आणि कोणीतरी टंकलेले सारांश. साहजिक आहे, कारण हे शब्द बातमीचे. शासन निर्णयाच्या भाषेत पेन्शन नसते, ‘निवृत्तीवेतन’ असते. आणि तो स्वतःला जीआर म्हणवत नाही. म्हणून कागदात जे छापलेलं असणार तेच टाकायचं : पदभरतीची जाहिरात, रुजू, नागरी सेवा, १९८२ (निवृत्तिवेतन नियम त्या वर्षाचे). त्यापुढे रोमन अक्षरांत ‘साइट’, अपूर्णविराम (:) आणि शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे शोध त्याच संकेतस्थळापुरता राहतो. चिन्हानंतर जागा सोडली तर ती अट राहत नाही, नुसता एक शब्द होतो. ‘फाइलटाइप’ लिहून पीडीएफ मागायची तीही याच रीतीने.

एवढं करूनही अवतरणचिन्हांतला, म्हणजे शब्द जसेच्या तसे मागणारा शोध रिकामा येतो तेव्हा दोष बहुधा पीडीएफमध्ये असतो. मी एक निर्णय उघडून त्यातली ओळ कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवून ताईंना दाखवली. पडद्यावर अक्षर स्वच्छ, पण आत वेलांट्या सरकलेल्या, रफार भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. शोधयंत्र वाचतं ते हे आतलं. त्यामुळे ‘निवृत्ती’सारखा शब्द अवतरणात टाकणं धोक्याचं, ‘सेवा’, ‘रुजू’ असे जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी नसलेले शब्द टिकतात. आकडे सर्वांत भरवशाचे, फक्त २००५ आणि इंग्रजी अंकांतलं 2005 दोन्ही करून पाहावं. मराठीत विभक्तीचाही घोळ आहे. अवतरणात ‘जाहिरात’ टाकलं की ‘जाहिरातीस’ सापडेलच असं नाही. आणखी जुने निर्णय तर स्कॅन केलेली चित्रं, नाहीतर युनिकोड ही अक्षरं साठवण्याची सामायिक पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधले. तिथे मजकुराचा शोध सोडून द्यावा हे माझं ठाम मत.

तारीख ठाऊक असेल तर सरळ शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जावं. विभाग वित्त, दिनांक १ ते ३ फेब्रुवारी २०२४, एवढं भरलं आणि यादीत निर्णय मिळाला. अखेरीस संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रत हातात आली तर हा संकेतांक संकेतस्थळावर टाकून ताडून पाहावा. पैशांचा प्रश्न असतो, सारांशावर विसंबू नये.

जाहिरात मात्र इंटरनेटवर नव्हती. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या अटींनी तारखेची मर्यादा घालता येते, पण ती तारीख शोधयंत्राने पानावरून ताडलेली असते. जो कागद कधी इंटरनेटवर चढलाच नाही तो त्यातून येणार कुठून? ताईंच्या नेमणूक आदेशात संदर्भ म्हणून जाहिरात क्रमांक होता, दिनांक नव्हता. आम्ही वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली काढल्या आणि १ नोव्हेंबरपासून मागे चाळत गेलो. भरतीच्या जाहिराती बहुतेक आतल्या पानांवर, म्हणून पहिलं पान सोडून. सप्टेंबरच्या फाइलीत तोच क्रमांक सापडला. छायाप्रत काढताना पानाचा वरचा पट्टाही घेतला, कारण वर्तमानपत्राचं नाव, दिनांक आणि पृष्ठ क्रमांक दिसल्याशिवाय ते कात्रण आस्थापना शाखेत चालत नाही.