शरणपूरचे चर्च आणि दफनभूमी : अर्ध्या दिवसाची फेरी

नाशिककरांच्या तोंडी शरणपूर रोड हे नाव दिवसातून दहा वेळा येते; पण तिथे शरण कोण आले होते, हा प्रश्न मलाही या शहरात वीस वर्षे काढल्यावरच पडला. त्याच ओढीने सेंट अँड्र्यूज चर्च आणि शरणपूर रस्त्यालगतची ख्रिस्ती दफनभूमी पाहायला निघालो. पहिली खेप फुकट गेली, कारण बुधवारी भर दुपारी पोहोचलो आणि फाटकाला कुलूप. म्हणून रविवारी सकाळची उपासना आटोपल्यावर जावे, पाळकसाहेबांना भेटून परवानगी घ्यावी आणि मगच छायाचित्रे काढावीत. सीबीएसपासून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून) रिक्षा सहज मिळते.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५च्या सुमारास, तेव्हाच्या गावाबाहेर, शरणपूरची वसाहत उभी केली. अनाथ मुलांना आणि धर्मांतरामुळे घरादाराला पारख्या झालेल्यांना तिथे आसरा मिळे. पुढे इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही मुंबईमार्गे इथे आली आणि अक्षरओळखीबरोबर सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८६५ मध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आले आणि त्यांच्या अखेरच्या मोहिमेत इथले नऊ तरुण सामील झाले. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनप्रसंगी प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेत शिकलेला होता. नंतरच्या तुकडीतून तो तिकडे गेला होता. पुढे लिव्हिंगस्टन यांच्या शवाबरोबर तो लंडनपर्यंत पोहोचला. हे माहीत नसताना चर्चच्या भिंती पाहिल्या, तर त्या काहीच बोलत नाहीत.

या मुलांच्या कबरी मात्र इथे शोधू नयेत. त्यांच्यातले बरेचजण १८७४-७५ मध्ये आजच्या केनियातील मोम्बासाजवळ वसवलेल्या फ्रेअरटाउनला गेले. त्यांच्यातलाच मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ मध्ये मोम्बासातच वारला.

दफनभूमीत खरा वेळ द्यावा. एका जुन्या संगमरवरी पाटीवरची शिशाची अक्षरे गळून पडली होती आणि उरली होती ती फक्त ती बसवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे. तिरप्या उन्हात बोट फिरवत, छिद्रामागून छिद्र जोडत मी ‘प्रभूमध्ये’ एवढा शब्द लावला. सकाळी नऊच्या आत हे जमते, दुपारी ऊन डोक्यावर आले की दगड सपाट दिसतो. खडू किंवा कोळसा घासून अक्षरे उठवण्याचा मोह टाळावा, त्याने दगड कायमचा खराब होतो. नुसते पाणी शिंपडले तरी पुष्कळ वाचता येते. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढते, तेव्हा चपलांऐवजी बूट घालावेत. पाण्याच्या बाटल्या दोन न्याव्यात : एक स्वतःसाठी, एक दगडांसाठी.