पार्किंगमधला बॅलन्स रॉड

फोनवरचा प्रश्न असा होता: "दादा, लिंक भोकापर्यंत येत नाहीये, पहार लावून ओढू का?"

म्हटलं, "साहेब, पहार खाली ठेवा, मी येतो."

बावधनच्या एका सोसायटीचं पार्किंग. जुनी जपानी सेडान, मागची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर. ताम्हिणीच्या वळणांवर गाडी फार झुकते म्हणून फोन करणाऱ्या या पोरानं परदेशातून मागचा जाड बॅलन्स रॉड मागवला होता. हा रॉड म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचं झुकणं रोखणारी दांडी, आणि तिची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्या म्हणजे लिंक. जुना १४ मिलिमीटरचा, नवा १६चा. दोन मिलिमीटरनं काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण भरीव रॉडचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे नवा जुन्यापेक्षा ७० टक्के कडक. हिशेब त्यानंच मोबाईलवर करून दाखवला. रॉडचं गणित त्याला पक्कं येत होतं, गाडी उचलायचं मात्र काही नाही.

उजवी बाजू तेवढी जॅकवर आणि आधाराला खाली विटा! भाराखाली वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटते. आधी साहेबांना बाहेर काढलं. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागच्या दोन्ही बाजू उचलून सारख्या उंचीवर स्टँड दिले. मग म्हटलं, "आता लावा लिंक." बोटांनी बसली.

एक चाक लोंबतंय आणि दुसरं जमिनीवर, असं असलं की रॉडला पीळ पडतो. पीळ पडला की तो उलटा जोर लावतो. वळणावर गाडी झुकू नये म्हणून त्याला तेच काम दिलेलं असतं. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली तर तो बुशमध्ये, म्हणजे त्याला गाडीशी धरून ठेवणाऱ्या मऊ कड्यांमध्ये, नुसता फिरतो, काही करत नाही. म्हणजे आमचे साहेब अर्धा तास पहार घेऊन रॉडच्या कामाशीच कुस्ती खेळत होते.

पुढे वेगळंच निघालं. काढलेल्या जुन्या लिंक पुठ्ठ्यावर पडल्या होत्या. सवयीनं एक उचलून हलवली, तर टोकाच्या सांध्यातला बॉल खुळखुळत होता. दुसरीचं रबर फाटून बॉल सॉकेटमधून पार सुटलेला. म्हणजे जुना रॉड कधीपासून एका बाजूनं धरलेलाच नव्हता. तो पीळ घेणार कुठून? झुकायचं कारण हे. यानं लिंक बदलायला काढल्या त्या गंजल्या दिसल्या म्हणून, तपासल्या नव्हत्याच.

खरं ते सांगितलं, "नव्या लिंक टाका, जुनाच रॉड परत लावा आणि ताम्हिणी करून या. बहुतेक यातच भागेल."

त्याचा चेहरा पडला. ड्युटी भरून आणलेली वस्तू खोक्यात कोण ठेवणार? ठीक आहे, गाडी त्याची. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन येऊन "इथे गॅरेज उघडलंय का" विचारून गेले, त्यामुळे वादही आवरता घेतला.

नव्या बुशना सिलिकॉन ग्रीस चोपडलं. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे राहिले की कुईकुई करून जीव नको करतात. बुशचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उतरवल्यावर.

मग भोकांवरून पुन्हा जुंपली. नव्या रॉडच्या टोकाला दोन भोकं असतात. बाहेरच्यात लिंक लावली की हात लांब पडतो, रॉड मऊ लागतो, आतल्यात कडक. त्याला अर्थात आतलंच हवं होतं. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. मागे कडक रॉड टाकला की वळणात नाक बाहेर जाणं कमी होतं, हे खरं. पण मागच्या टायरची पकड त्याच मापात खर्ची पडते. ताम्हिणीत पावसात, भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की शेपूट फिरू शकतं. मे संपत आला होता. मी बाहेरचं भोक धरून बसलो, आणि पाना माझ्या हातात होता.

जुलैत त्याचा मेसेज आला: गाडी मस्त चिकटून जाते, आतल्या भोकात कधी घेऊया?

दिवाळीनंतर या, असं कळवलंय.