स्टेशनपासून पाच मिनिटं

डोंबिवलीतल्या घरांच्या जाहिरातीत अंतर कधी मीटरमध्ये सांगत नाहीत. ते मिनिटांत असतं, आणि ही मिनिटं कोणाची हे विचारायची पद्धत नाही. बहुधा रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्यावरून रिक्षाने निघालेल्या माणसाची असावीत. एरवी संध्याकाळी साडेसातला फास्ट लोकल फलाटावर रिकामी होते, तेव्हा निम्मा वेळ पुलाच्या जिन्यावरच जातो. पुढे शेअर रिक्षाची रांग, आणि पाऊस असेल तर रांग आहे पण रिक्षा नाही असा देखावा. म्हणून घर पाहायला जायचं तर कामाच्या दिवशी संध्याकाळी, लोकलनेच जावं आणि स्टेशनपासून पायी चालावं. चालत वीस मिनिटांवरचं घर रिक्षाने दहा मिनिटांवरच्या घरापेक्षा मला केव्हाही जवळचं वाटतं. पायांचा संप नसतो आणि सुट्ट्या पैशांवरून ते वादही घालत नाहीत.

सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर. फास्टने तासभर, स्लोने त्याहून वीसेक मिनिटं जास्त. ठाकुर्ली आणि कोपर ही दोन्ही बाजूंची स्टेशनं स्लो गाड्यांची, त्यामुळे तिथे भाव जरा उतरतो. पण ठाकुर्लीच्या बाजूला, डोंबिवली स्टेशनलाही चालत येता येईल असं घर मिळत असेल तर ते सोडू नये. भाव ठाकुर्लीचा आणि गाडी डोंबिवलीची, असा तो सौदा आहे. सकाळी कल्याणहून येणारी फास्ट भरूनच येते, म्हणून पुष्कळजण आधी डाऊन गाडीने कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. हे करायचं तर पास कल्याणपासूनचा हवा. डोंबिवलीच्या पासावर केलेला हा उलटा प्रवास विनातिकीटच धरतात, आणि टीसींनाही ही युक्ती ठाऊक आहे.

रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला, हा प्रश्न इथे जातीपेक्षाही आधी विचारतात. पूर्वेला फडके रोड, रामनगर, टिळकनगर हा जुना, महाग गाभा. तिथून गोग्रासवाडी, आयरे, नांदिवली असं मानपाडा रोडकडे सरकत जावं तसा भाव उतरतो आणि इमारतीची उंची वाढते. पश्चिमेला विष्णुनगर, गुप्ते रोड, दीनदयाळ रोड स्टेशनला लागून, आणि उमेशनगर, कुंभारखाणपाडा, मोठागाव खाडीकडे. दोन्ही बाजूंना जोडणारे रस्ते मोजकेच. कोपरचा उड्डाणपूल दुरुस्तीसाठी २०१९ ते २०२१ बंद होता, तेव्हा सगळी वाहनं ठाकुर्लीच्या पुलावर लोटली आणि पूर्वेत घर, पश्चिमेत मुलांची शाळा अशा कुटुंबांना अंतर म्हणजे काय ते कळलं. घर, शाळा आणि म्हाताऱ्यांचा डॉक्टर रुळांच्या एकाच बाजूला असावेत. जाहिरातीत याचा उल्लेख सापडत नाही. तिथे कल्याण-शीळ रस्त्यावरची संकुलंसुद्धा डोंबिवलीतच असतात, स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवर. मेट्रो येणार, हे वाक्यही तिथेच भेटतं. कल्याण-तळोजा मार्गाचं काम चालू आहे हे खरं, पण जी गाडी अजून धावत नाही तिचं भाडं घराच्या किमतीत आजपासून का भरावं?

वसलेल्या उपनगराचा मोठा फायदा हाच की इथे भविष्य विकत घ्यावं लागत नाही. पाणी किती येतं, गटार कुठे तुंबतं, वरच्या मजल्यावर लिफ्टशिवाय कोण राहतं, सगळं घडून गेलेलं असतं आणि डोळ्यांना दिसतं. फक्त बघायची वेळ योग्य हवी. घर बघावं ते जुलैत. दिवाळीत रंग ताजा असतो आणि ओल वाळलेली असते. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, अशा तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती इथे गल्लोगल्ली आहेत. त्यातला चौथा मजला स्वस्त मिळतो, कारण गुडघे आणि गच्ची. गच्चीतून गळत असेल तर गृहनिर्माण सोसायटीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधींप्रमाणे, दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा. नेमकं कुठून गळतं यावर सभा वर्षानुवर्षं चालतात, म्हणून गेल्या दोन-तीन वार्षिक सभांचं इतिवृत्त मागून वाचावं. घराच्या भिंतींपेक्षा ते जास्त बोलकं असतं.

बाथरूमच्या छताला बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे. आत सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते, मग नुसतं प्लास्टर भरून उपयोग नसतो. फॉल्स सीलिंग बैठकीत असेल तर हौस म्हणावी. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली तेवढ्याच जागेपुरतं असेल तर शंका घ्यावी. खाली पार्किंगमधले खांब पाहावेत, उभ्या रेषेत गेलेली भेग म्हणजे बहुतेकदा आतली सळई. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. अहवाल मागावा, आणि मिळाला तर शेवटचं पान आधी वाचावं. बँकही कर्जाची मुदत ठरवताना इमारतीचं उरलेलं आयुष्य बघतेच.

क्षेत्रफळाचा घोळ जुना आहे. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेलं, लिहिलेलं असतं. ५५० चौरस फूट बिल्टअप म्हणजे १.२ ने भागून साधारण ४५८ कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं. त्यात बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलेला असतो, आणि तो मंजूर नकाशात नसेल तर बँकेचा मूल्यांकनकार ती जागा सरळ वगळतो. टेप सोबत न्यावी. लाजू नये, मालकाने स्वतः घेताना हेच केलेलं असतं.

आता कागद. डोंबिवलीत घर घेताना निम्मं शहाणपण इथेच खर्च होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या आणि त्या दाखवून रेराचे, म्हणजे स्थावर संपदा प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवलेले होते. क्रमांक पाहून लोकांनी कर्ज काढलं, हप्ते सुरू झाले. म्हणजे रेरा क्रमांक हवाच, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. परवानगीपत्रावरचा क्रमांक, तारीख आणि सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागातून ती खरी असल्याची खात्री लेखी घ्यावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. घराच्या व्यवहारात याहून स्वस्त काही नसतं. करपावती आणि वीजबिल दाखवून ‘सगळं अधिकृत आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकून घ्यावं आणि उठावं. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, आणि कर घेतला म्हणून ते अधिकृत होत नाही. नोटरीच्या कागदावर विकल्या जाणाऱ्या खोलीचं तर नावच काढू नये, तिथे नोंदणीकृत हक्क नसतोच.

जुन्या सोसायटीत फ्लॅट घेत असाल तर रेरा क्रमांक बहुधा नसतो, कारण रेराचा कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याआधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना नोंदणीची गरज नव्हती. तिथे पाहायची ती करारांची साखळी. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक करार मूळ प्रतीत हवा, नोंदवलेला आणि पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेला. मधली एक कडी हरवली की बँक अडते. एखादा मालक वारला असेल तर नामनिर्देशन पुरत नाही. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) केला तरी घरावर वारसांचा हक्क राहतो, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच काढून बघता येते, वकील तीस वर्षांचा शोध घेतो तो वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची महापालिकेची परवानगी, आहे का ते विचारावं, आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं आहे तेही. पुष्कळ ठिकाणी तिथे अजून मूळ जमीनमालकाचंच नाव सापडतं. बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून दिलेलं नसेल आणि सोसायटीने सरकारी आदेशाने मानीव अभिहस्तांतरणही करून घेतलेलं नसेल तर जमीन सोसायटीची झालेलीच नाही.

हे सगळं एजंटच्या एका वाक्याने झाकलं जातं: ‘रीडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे.’ त्या वाक्याला इथे प्रति चौरस फूट भाव आहे. बोलणं कुठवर आलंय ते विचारावं. पुनर्विकासाचा ठराव झाला का, सल्लागार नेमला का, निविदा आल्या का, सहकारी संस्थांच्या निबंधकांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच्या सभेत विकासकाची निवड होऊन एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती मिळाली का, आणि विकसन करार नोंदवला का. शेवटची पायरी होईपर्यंत ते बोलणंच असतं. सहा मीटरच्या गल्लीत, छोट्या भूखंडावर बारा माळे कसे उभे राहणार हे एजंटलाही ठाऊक नसतं; रस्त्याच्या रुंदीवर इमारतीची उंची आणि बांधता येणारं चटई क्षेत्र अवलंबून असतं, हे त्याला सांगून पाहावं.

एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचा, निवासी विभाग हे वेगळं प्रकरण. रुंद रस्ते, झाडं, बंगले, आणि जमीन भाडेपट्ट्याची. तिथे हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं, ते किमतीत धरावं. आणि वारा, शेजारच्या कारखान्यांकडून येणारा. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला होता, २०१६ आणि २०२४ मध्ये, दोन्ही वेळा मे महिन्यातच, कारखान्यांत स्फोट होऊन दूरदूरच्या खिडक्या फुटल्या. वास रात्री जास्त येतो, म्हणून हा भाग रात्री दहानंतर फिरून पाहावा. पाण्याचं मात्र सगळीकडेच विचारावं: महापालिकेचं की एमआयडीसीचं, दिवसातून किती वेळ, टाकी किती लिटरची, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर किती खर्च झाला. शेवटचा आकडा सोसायटीच्या हिशेबपत्रकात सापडतो, खजिनदाराच्या बोलण्यात नाही.

एवढं करून लोक इथे का येतात, तर गावाला आकार आहे म्हणून. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून उभं राहायला काही कारण लागत नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये इथेच सुरू झाली आणि मग गावोगाव पोचली. दोघंही आठ-सव्वाआठला घरी परतणाऱ्या जोडप्यासाठी स्टेशन ते घर या वाटेवर पोळी-भाजी केंद्र, भाजीवाला, वाणी आणि औषधांचं दुकान उघडं असतं. नव्या संकुलात ही वाट तयार व्हायला वीस वर्षं लागतात. माझ्या मते इथल्या चौरस फुटाच्या भावातला बराचसा हिस्सा या वाटेचाच आहे.

व्यवहार ठरला की खर्च एकाच कागदावर मांडावा. मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के, सगळे खरेदीदार महिला असतील तर एक टक्का कमी. ते करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त त्यावर आकारतात. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. किंमत ५० लाखांची झाली की एक टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याचा आयकर, त्याच्या पैशांतून कापून आपणच भरायचा. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००, हस्तांतर शुल्क ५००, प्रवेश फी १००. त्यावर ‘इमारत निधीला स्वेच्छेने’ काही मागितलं तर स्वेच्छा आपली असते हे हसून सांगावं, मात्र पावतीशिवाय एक रुपया देऊ नये. मग भाग दाखल्यावर नाव, करबिलावर नाव आणि महावितरणकडे नाव, या क्रमाने. शेवटचं काम सहसा राहतं. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत वीजबिल अजून दोन मालकांपूर्वीच्या गृहस्थांच्या नावावर येतं, आणि अगदी वेळेवर भरलं जातं.