गाईडचा राज्य पुरस्कार मिळवताना

गाईडमध्ये नाव घातलं तेव्हा पुरस्कार वगैरे काही डोक्यात नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर गाईडच्या मुली मैदानावर थांबायच्या आणि आम्ही बाकीच्यांनी दप्तर उचलून घरी जायचं, एवढंच सलत होतं. आईला मात्र मी दुसरंच कारण सांगितलं: दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणे. मग निळ्या कापडाचे पैसे मिळायला वेळ लागला नाही.

भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये लहान मुली बुलबुल, त्यापुढे दहा ते अठरा वयाच्या गाईड आणि मोठ्या मुली रेंजर. गाईडची चढण प्रवेशापासून सुरू होते. मग प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रवेशाला वचन, ९ नियम, डाव्या हाताचं हस्तांदोलन, प्रार्थना आणि ध्वजगीत एवढं आलं की झालं. प्रार्थना ९० सेकंदांत आणि ध्वजगीत ४५ सेकंदांत संपलं पाहिजे, म्हणून बाई घड्याळ धरून उभ्या राहायच्या. आम्ही सगळ्या सुरुवातीला पळत सुटायचो आणि शेवटच्या ओळी ओढत न्यायचो.

पहिल्याच वर्षी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं असं एक आहे. या पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. एक सोपान झाला की पुढच्याच्या चाचणीआधी ठरलेले महिने काढावेच लागतात, कधी सहा, कधी नऊ. तुम्ही कितीही हुशार असलात तरी. म्हणजे आठवीत सुरुवात करणारी मुलगी दहावीपर्यंत फार तर राज्य पुरस्काराला पोचते, राष्ट्रपती पुरस्काराचं गणित शाळेत बसत नाही. मी सहावीत सुरुवात केली ती नशिबाने, हिशेबाने नाही.

गाठींचं मला कधी ओझं वाटलं नाही. रीफ नॉट पट्टी बांधायला, कारण ती सपाट बसते आणि अंगाला रुतत नाही. कमीजास्त जाडीच्या दोऱ्या जोडायला शीट बेंड. बोलाइन माणसाला वर ओढायला, कारण तिचा फास आवळत नाही. आणि खांबाला क्लोव्ह हिच. ही शेवटची मी ओसरीच्या खांबावर घोकत बसले होते तेव्हा आजोबा म्हणाले, "हे शिकायला शाळेत जावं लागतं होय गं?" आणि बघता बघता त्यांनी एका हाताने ती बांधून दाखवली. गोठ्यात त्यांची जन्मभर तीच गाठ चालली होती. पुढे माझी अर्धी तयारी आजोबांनीच करून घेतली.

सोपानांबरोबर प्रावीण्य पदकंही मिळवायची असतात. स्वयंपाक, बागकाम, रुग्णसेवा असे कितीतरी विषय, त्यातले आपण निवडायचे. याची परीक्षा आपल्या बाई घेत नाहीत, बाहेरचं कुणीतरी जाणकार घेतं. रुग्णसेवेला आमच्या परीक्षक एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी पुस्तकातलं एकही वाक्य म्हणून घेतलं नाही. एका मुलीला बाकावर झोपवलं आणि म्हणाल्या, हिला शेतात साप चावलाय, तुम्ही दोघीच आहात, करा काय करायचं ते. चिरा द्यायचा नाही, तोंडाने रक्त ओढायचं नाही, तिला चालू द्यायचं नाही, पाय हलू न देता लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. पाठ होतं सगळं. पण "चालू द्यायचं नाही" म्हणजे दोघींनी तिला उचलायचं, आणि उचलायला गेल्यावर कळलं की मैत्रीण काही हलकी नव्हती. दोन काठ्या आणि एक चादर घेऊन स्ट्रेचर केलं. पदक मिळालं.

सेवेची नोंद हा राज्य पुरस्काराचा मोठा भाग. आमच्याकडे त्यासाठी वेगळा उपक्रम शोधावा लागत नाही, कारण आमचं गाव फलटण तालुक्यातलं आणि माउलींची पालखी लोणंदहून तरडगाव, फलटण अशी याच वाटेने जाते. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं त्या दिवशी रस्ता दिसतच नाही. आम्ही शाळेच्या फाटकात पाण्याचे पिंप आणि प्रथमोपचाराचं टेबल मांडायचो. बाकी कितीही तयारी करा, निम्म्याहून जास्त काम पायांच्या फोडांचं. फोड फोडायचा नाही, धुऊन कोरडा करून वर पट्टी ठेवायची, हे आम्हाला शिकवलेलं. आणि समोर बसलेल्या आजी म्हणायच्या, "फोड गं पोरी, सुई घे, मला पंढरपूर गाठायचंय." त्यांना समजावता समजावता मी जेवढं बोलायला शिकले तेवढं कुठल्या वक्तृत्व स्पर्धेत शिकले नाही. एक आजोबा पट्टी बांधून झाल्यावर माझ्याच पाया पडले. वारकऱ्यांत ती रीतच आहे, पण मला पळून जावंसं वाटलं.

शिबिराच्या शुल्काचे पैसे 'खरी कमाई'तून काढायचे असं बाईंचं म्हणणं. आम्ही आठवडी बाजारात ताक आणि भेळ विकली. ताकात फायदा, भेळेत नाही, कारण शेव घरच्यांनीच संपवली. तेही वहीत लिहिलं.

वह्यांचं मात्र खरंच त्रांगडं होतं. प्रत्येक मेळावा, पदभ्रमण, सेवा, सगळ्याची तारखेनिशी नोंद आणि खाली गाईड कॅप्टनची, म्हणजे पथक चालवणाऱ्या बाईंची, सही. मधेच आमच्या बाईंची बदली झाली. नव्या बाईंचा गाईड कॅप्टनचं प्रशिक्षण देणारा बेसिक कोर्स झाला नव्हता, आणि जुन्या कामावर मी कशी सही करू, हा त्यांचा प्रश्नही बरोबर होता. दोन-तीन महिने सगळं ठप्प. शेवटी आम्ही मुली वडापच्या जीपमध्ये बसून जुन्या बाईंच्या नव्या गावी गेलो. त्यांनी चहा केला, पोहे केले आणि प्रत्येक पान वाचून सही केली. न वाचता केली असती तर लवकर सुटलो असतो. या व्यवस्थेवर माझा राग आहे तो इथेच: एका शिक्षिकेच्या बदलीवर सगळ्या पथकाचा पुरस्कार टांगलेला असतो, आणि दुसरी प्रशिक्षित बाई तयार ठेवावी असं बहुतेक शाळांना वाटत नाही.

चाचणी शिबिर त्या मानाने मजेचं. तंबू, सकाळची तपासणी, बांबू आणि सुतळीने केलेली भांड्यांची मांडणी, होकायंत्राच्या १६ दिशा. तोंडी परीक्षेत संस्थेचा इतिहास हमखास विचारतात: ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सचं विलीनीकरण. त्या तारखा मी अजून विसरलेले नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकात वांगी निखाऱ्यात, बटाटे चिखलाचा लेप देऊन आणि कणकेची वळी काठीला गुंडाळून भाजायची. शेजारच्या संघातल्या मुलींनी ज्वारीचं पीठ आणलेलं. ज्वारीला चिकटपणा नाही, ती काठीवर टिकेना, तुकडे पडायला लागले. आम्ही त्यांना गव्हाचं दिलं, त्यांनी आम्हाला ठेचा. परीक्षकांनी ठेच्याचं कौतुक आमच्या नावावर लिहिलं आणि आम्ही गप्प बसलो.

निकाल शाळेत आला तो दहावीच्या धामधुमीत. राज्यपालांच्या सहीचं प्रमाणपत्र आईने आधी फ्रेम केलं, मग शाळेला त्याची झेरॉक्स हवी म्हणून फ्रेम उघडावी लागली.

राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मी गेले नाही. अकरावीच्या कॉलेजात ना गाईडचं पथक ना रेंजरचं. माझ्या संघातली एक मैत्रीण मात्र तालुक्याच्या ठिकाणी राहून रेटत राहिली आणि तिला तो मिळाला. आता ती रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातल्या नोकरीची तयारी करतेय. तिथे नुसता राष्ट्रपती पुरस्कार पुरत नाही. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचे मेळावे लागतात, आणि गेली ५ वर्षं तुम्ही सक्रिय सभासद असायला हवं. म्हणून ती रेंजरची नोंदणी दरवर्षी न चुकता करते, आणि परवा फोन केला तो माझ्याकडे जुन्या मेळाव्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे का हे विचारायला.