ऑर्व्हिल राइट यांचे उतारवयातले फोटो कसे वाचावेत

१७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या विमानउड्डाणाचा तो एक फोटो जगाला पाठ आहे. रुळावरून नुकतंच सुटलेलं विमान, त्यावर पालथे झोपलेले ऑर्व्हिल, उजवीकडे धावता धावता थबकलेले थोरले भाऊ विल्बर. त्यानंतर ऑर्व्हिल ४४ वर्षं जगले. विल्बर ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने गेले आणि पुढे प्रत्येक समारंभात, प्रत्येक समितीत, प्रत्येक कोनशिलेपाशी राइट बंधूंच्या वतीने एकटे ऑर्व्हिल उभे राहिले. भाषण करायचं ते टाळत, त्यामुळे या काळातला त्यांचा सार्वजनिक वावर शब्दांपेक्षा फोटोंत जास्त सापडतो. आणि नेमके हेच फोटो सगळ्यात निष्काळजीपणे नोंदवले गेले आहेत. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, राइट बंधूंच्या गावचं, डेटनचं राइट स्टेट विद्यापीठ, नासाचा संग्रह आणि वर्तमानपत्रांची जुनी कात्रणघरं अशा अनेक ठिकाणी ते विखुरलेले आहेत. एकच फोटो चार ठिकाणी चार तारखांनी भेटतो.

वर्तमानपत्री प्रिंट हातात आला की आधी तो उलटा करायचा. चेहरा नंतर. मागच्या बाजूला जांभळ्या किंवा काळ्या शाईचे शिक्के असतात, आणि बहुतेक चुका या शिक्क्यांमुळेच होतात. शिक्क्यातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. बहुधा ती प्रिंट कचेरीत आल्याची किंवा छापल्याची असते. १७ डिसेंबरला उड्डाणाचा वाढदिवस, १९ ऑगस्टला ऑर्व्हिल यांचा (१९३९ पासून अमेरिकेत हाच राष्ट्रीय विमान दिन), आणि ३० जानेवारी १९४८ ला त्यांचं निधन. अशा प्रत्येक वेळी संपादकाने जुनाच प्रिंट फायलीतून काढला, छापला आणि नवा शिक्का मारून परत ठेवला. म्हणून सगळ्यात जुना शिक्का शोधायचा, आणि त्यातूनही एवढंच ठरवायचं की फोटो त्या दिवशी किंवा त्याआधी काढला गेला. १९४८ च्या शिक्क्यावरून १९२० च्या दशकातला चेहरा ‘शेवटचं छायाचित्र’ म्हणून नोंदवला जातो तो असा.

मागे चिकटवलेली टंकलिखित चिठ्ठी असेल तर ती ओढायची नाही. जुना डिंक वाळून ठिसूळ झालेला असतो. चिठ्ठी सुटते आणि दुसऱ्याच प्रिंटला जाऊन मिळते. आधी दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा, मग सुटलेली चिठ्ठी त्याच पाकिटात वेगळ्या आम्लमुक्त कागदात ठेवावी. आपला क्रमांक मागच्या बाजूला कडेला, मऊ पेन्सिलीने, प्रिंट सपाट कठीण पृष्ठभागावर ठेवून, दाब न देता लिहावा. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.

प्रिंट पुसायचाही नाही. वर्तमानपत्राचे चित्रकार पांढऱ्या-करड्या रंगाने पार्श्वभूमी रंगवून काढत आणि कापायच्या रेषा मेणपेन्सिलीने आखत. दिवा अगदी बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरला की रंगाचे थर उठून दिसतात. कधी कधी ऑर्व्हिल यांच्या खांद्यामागे रंगवून मिटवलेला माणूसच प्रसंगाची खूण देणारा असतो. ओलं फडकं फिरलं की तो पुरावा गेला. तारेने पाठवलेल्या प्रिंटवर बारीक आडव्या रेघा असतात आणि मजकूर चित्राच्याच कडेवर छापलेला असतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची ही सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली, त्यामुळे त्या सेवेचा प्रिंट त्याआधीचा नसतो. त्यातलं चित्र मात्र कितीही जुनं असू शकतं.

आता पुढची बाजू. चित्र उलटं छापलंय का ते पाहावं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि रुमालाचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. ऑर्व्हिल जवळजवळ नेहमी कोट-टायमध्ये असल्याने ही कसोटी त्यांच्या बाबतीत हमखास उपयोगी पडते. खिसा त्यांच्या उजव्या छातीवर दिसला तर निगेटिव्ह उलटी लागली आहे, आणि मग ‘डावीकडून पहिले’ ही नावांची यादीही उलटी होते.

माणूस ओळखताना मिशी हा पहिला आधार: ऑर्व्हिलना मिशी, विल्बर सफाचट. पण निव्वळ मिशीवर विसंबू नये, कारण कुटुंबाच्या फोटोंत थोरले भाऊ लोरिनही असतात. १९१२ च्या मे नंतरच्या कोणत्याही प्रसंगात ‘राइट बंधू’ असं लिहिलं असेल तर एकतर तारीख चुकली आहे किंवा दुसरा माणूस. बहीण कॅथरीन शेजारी असेल तर फोटो ३ मार्च १९२९ च्या आधीचा. ऑर्व्हिल स्वतः विमान चालवताना दिसत असतील तर १९१८ च्या पुढे जाता येत नाही (एकच अपवाद, खाली येणारा १९४४ चा). १९०८ च्या फोर्ट मायर अपघातातल्या दुखापतीची कळ त्यांना जन्मभर पुरली आणि १९१८ मध्ये त्यांनी वैमानिक म्हणून उडणं थांबवलं.

शेजारचं विमान तर तारखेचं सगळ्यात भक्कम साधन. १९०३ चं मूळ यंत्र १९१३ च्या डेटनच्या पुरात चिखलाखाली गेलं, १९१६ मध्ये दुरुस्त होऊन पहिल्यांदा मांडलं गेलं, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेशी झालेल्या वादामुळे १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला गेलं. परत आलं ते १९४८ मध्ये, ऑर्व्हिल गेल्यावर. म्हणजे १९३० किंवा ४० च्या दशकात ते या विमानाशेजारी उभे आहेत अशी ओळ आली की ती चूकच. बहुधा ते यंत्र म्हणजे राइट बंधूंचंच नंतरचं विमान, मॉडेल बी, असतं. फरक सोपा आहे: १९०३ च्या विमानाला चाकं नाहीत, घसरपट्ट्या आहेत, आणि चढ-उताराचं सुकाणू पुढे आहे, मॉडेल बीला चाकं आहेत आणि ते सुकाणू मागे शेपटीत.

अमेरिकी लष्करी विमानावरचा तारा बघावा. मे १९४२ मध्ये त्यातला लाल ठिपका काढला गेला, कारण तो जपानी चिन्हाशी गोंधळ करत होता. १९४३ च्या मध्यावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या, आणि १९४७ च्या जानेवारीत त्या पट्ट्यांत लाल रेघ आली. हँगरवर ‘मैदान लहान आहे, सगळं वापरा’ अशा अर्थाची मोठी इंग्रजी अक्षरं दिसली तर ते डेटनचं मॅक्कुक फील्ड, म्हणजे १९१७ ते १९२७ या दहा वर्षांतलं.

सगळ्यात जास्त सरमिसळ होते ती पहिल्या उड्डाणाच्या जागी, किल डेव्हिल हिल्सला झालेल्या दोन समारंभांची. १७ डिसेंबर १९२८ ला, २५ व्या वाढदिवशी, स्मारकाची कोनशिला बसली आणि उड्डाणाच्या जागी ग्रॅनाइटच्या शिळेचं अनावरण झालं. शिळेपाशी ऑर्व्हिल, सिनेटर हायरम बिंगहॅम आणि वैमानिक अमेलिया इअरहार्ट. नोव्हेंबर १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या स्मारकाचं लोकार्पण झालं. तिथली वैमानिक स्त्री रूथ निकोल्स. दोन्ही वेळा वारा, वाळू, ओव्हरकोट आणि एक वैमानिक स्त्री, म्हणून गल्लत. खूण टेकडीवर आहे: १९२८ मध्ये माथा मोकळा, १९३२ मध्ये त्यावर ६० फुटी मनोरा. टेकडी चौकटीत नसेल तर सावल्या मोजाव्यात. ३६ अंश अक्षांशावर १७ डिसेंबरला सूर्य भर दुपारीही जेमतेम ३० अंश वर येतो, म्हणजे सपाट जमिनीवर सावली उंचीच्या १.७ पट. सावली माणसापेक्षा आखूड असेल तर तो डिसेंबर नव्हेच. आणि ओळीत ‘किटी हॉक’ लिहिलं असलं तरी जागा त्या गावाच्या दक्षिणेला सुमारे ४ मैलांवर आहे. नोंदीत दोन्ही नावं द्यावीत.

काही फोटो मात्र पक्के आहेत आणि तुलनेसाठी हाताशी ठेवण्यासारखे आहेत. २२ जून १९२७ चा डेटनचा: ऑर्व्हिल, मेजर जॉन करी आणि महिन्याभरापूर्वीच अटलांटिक ओलांडलेले लिंडबर्ग. मे १९३४ चा लँगली या विमानसंशोधन प्रयोगशाळेतला, तर माझ्या मते या सगळ्यांत उत्तम: ३० बाय ६० फुटांच्या वायुबोगद्यात बोइंग पी-२६ विमानाखाली परिषदेला आलेली मंडळी दाटीवाटीने बसलेली, त्यात ऑर्व्हिल, लिंडबर्ग आणि वैमानिक-उद्योगपती हॉवर्ड ह्यूज एकाच चौकटीत. ऑर्व्हिल १९२० पासून अखेरपर्यंत नाकाचे (एनएसीए, नासाच्या आधीची विमानविद्येची सरकारी समिती) सदस्य होते, त्यामुळे अशा गटचित्रांत त्यांना शोधत जाणं फळतं.

२६ एप्रिल १९४४ चा प्रसंग वेगळ्या कारणाने फसवतो. डेटनजवळच्या राइट फील्ड या लष्करी विमानतळावर लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानात ऑर्व्हिलना सफर घडवली आणि थोडा वेळ सुकाणूही हाती दिलं. या विमानाचे पंख १२३ फुटांचे. पहिलं उड्डाण १२० फुटांचं. विमान लष्करासाठी बनलेलं, पण अंगावर टीडब्ल्यूए या प्रवासी विमानकंपनीचे रंग. ते रंग पाहून फोटो १९४६ च्या प्रवासी सेवेचा समजला जातो.

निगेटिव्ह हाती आली तर आधी ती कशाची आहे ते ओळखावं. काच असेल तर पाकीट चारही बाजूंनी उघडणारं कागदी, आणि काच लांब कडेवर उभी. आडव्या ढिगात खालची काच फुटते. राइट बंधूंच्या ५ बाय ७ इंचांच्या काचा पुराच्या पाण्यात बुडाल्या, म्हणून कित्येकांच्या कडांचा लेप सुटलेला आहे. त्या प्रसिद्ध फोटोचा एक कोपराही तसाच गेला. सुटलेल्या लेपाकडे बोट न्यायचं नाही. कोडॅकच्या सुट्या फिल्मवर कोपऱ्यातली पहिली खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असेल तर ती नायट्रेट, म्हणजे पेट घेणारी. यू सारखी असेल तर अॅसिटेट. नायट्रेट बाकीच्या साठ्यापासून लगेच वेगळी काढावी. ५ बाय ७ ची काच १२०० पीपीआयला (दर इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन केली की ६००० बाय ८४०० पिक्सेल मिळतात, आणि मागच्या माणसांच्या टोप्या व फलकावरची अक्षरं वाचायला एवढं लागतंच. मूळ फाइल टिफ, १६ बिट, कडांसकट; कातरणं, उजळवणं नंतरच्या प्रतीवर.

नोंद लिहिताना तारीख ‘अमुकच्या आधी, तमुकच्या नंतर’ अशी द्यावी आणि कारणही लिहावं: ‘मनोरा दिसतो’, ‘ताऱ्यात लाल ठिपका आहे’. जुनी चुकीची ओळ खोडायची नाही. ती ‘मूळ मजकूर’ म्हणून जशीच्या तशी उतरवून खाली दुरुस्ती द्यावी, कारण दुसऱ्या संग्रहात त्याच फोटोची प्रत त्याच चुकीच्या ओळीखाली पडलेली असते आणि तिथवर पोचायला तीच ओळ लागते.