भाई नव्हे, सर

पक्षातली माणसं त्यांना 'भाई' म्हणायची. वर्तमानपत्रात 'प्रा. एन. डी. पाटील' असं छापून यायचं. आमच्या घरात मात्र ते कायम 'सर'च राहिले, कारण माझे वडील, अण्णा, साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकत होते तेव्हा एन. डी. सर तिथं प्राध्यापकही होते आणि 'कमवा व शिका' योजनेचे रेक्टरही. १९५४ ते ५७ चा तो काळ. पोरांनी शेतात राबायचं, मातीचे हात धुवायचे आणि तासाला बसायचं, असा दिनक्रम. अण्णा त्या पोरांपैकी एक.

सर म्हणजे वाळवा तालुक्यातल्या ढवळीचा शेतकऱ्याचा मुलगा, १९२९ चा जन्म. अर्थशास्त्रात एम. ए. झालेले. १९४८ पासूनच शेतकरी कामगार पक्षात. म्हणजे मास्तरकी सोडून राजकारणात गेले असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही, दोन्ही बरोबरच चाललं होतं. १९६० मध्ये इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्याच साली विधान परिषदेत गेले. मधली चार वर्षं सोडली तर १९८२ पर्यंत ते परिषदेत होते, एकूण अठरा वर्षं. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री झाले, ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. पुढं १९८५ ला कोल्हापुरातून आमदार.

ही झाली पदांची यादी. मला सांगायचंय ते अण्णांच्या वहीबद्दल.

अण्णा पुढं हायस्कूलला शिक्षक झाले. सरांची सभा जवळपास कुठंही असली की सायकल काढायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा मला पुढं दांड्यावर बसवून नेलं होतं. मला आठवतो तो सरांचा खणखणीत आवाज आणि शेजारी मांडी घालून बसलेले अण्णा, मांडीवर शंभर पानी वही. लोक टाळ्या वाजवायचे, अण्णा लिहायचे. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ, डावीकडं उत्पादन खर्च, उजवीकडं मिळालेला भाव. आमच्याकडं सगळा ऊस, कापसाचं बोंड औषधाला नाही. तरी अण्णांच्या वहीत कापूस एकाधिकार खरेदीची, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायच्या योजनेची, पानंच्या पानं आहेत. विदर्भातल्या शेतकऱ्याचा हिशोब वाळव्यातल्या मास्तरला पाठ असावा, हे मला आजही फार मोठं वाटतं. सरांनी शिकवणं सोडलं नव्हतं, फक्त वर्ग मोठा केला होता.

म्हणूनच अण्णांना पुढं शिक्षक आमदार, म्हणजे शिक्षकांनी विधान परिषदेवर निवडून दिलेले आमदार, फारसे पटले नाहीत. माध्यमिकला असल्यामुळं शिक्षक मतदारसंघात त्यांचं मत असायचं. उमेदवार शाळेत यायचे, स्टाफरूममध्ये चहा व्हायचा, अनुदानाचा टप्पा, वेतनश्रेणी, बदल्या. अण्णा घरी येऊन विचारायचे, "पगाराचं सोडून दुसरं काय बोलला सांग बरं?" इथं माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं. माझ्या शाळेतल्या ज्या शिक्षिका १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागल्या, त्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी सभागृहात उभं राहायलाच हवं ना? पण अण्णांचं म्हणणंही मला खोडता येत नाही. शिक्षकाला परिषदेत वेगळी जागा दिली ती त्यानं फक्त शिक्षकांचं बोलावं म्हणून नव्हे.

आणि मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची शिक्षिका. आम्हाला त्या मतदारसंघात मतच नाही. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात माध्यमिकपासून वरच्यांनाच तो हक्क आहे. ज्यानं पोराच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल धरवली, तो यादीत नाही. हे मला सलतं, आणि ते मी लपवणार नाही.

सर मात्र कुठल्या एका मतदारसंघाचे राहिलेच नाहीत. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या विरोधात, रायगडात सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरोधात, सीमाप्रश्नात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष म्हणून. कोल्हापूरच्या टोलविरोधी मोर्चात तर वयाची ऐंशी उलटल्यावर पुढं चालत होते. त्या एका मोर्चाला मी गेले होते. सभेत आकडे सुरू झाले तसा माझा हात आपोआप पर्समधल्या पेनाकडं गेला.

१७ जानेवारी २०२२ ला सर गेले. अण्णा तेव्हा पंच्याऐंशीचे, त्यात करोना, कोल्हापूरला जाणं शक्य नव्हतं. टीव्ही बंद करायला लावला आणि म्हणाले, "कपाटातली वही काढ की." दिसत नव्हतं म्हणून मी वाचत बसले. एका पानावर त्यांनी थांबवलं.

"परत वाच. बेरीज कर बघू."

केली. सात रुपयांचा फरक आला.

"सर चुकायचे नाहीत," अण्णा म्हणाले. "मीच घाईत लिहिलंय. पेन आण."

चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा त्यांनी थरथरत्या हातानं खोडला, बाजूला बरोबर लिहिला आणि खाली तारखेसह सही केली.